दोघींपुरती भाषा

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात आमचं घर पिठाच्या गिरणीच्या मागे होतं. खरं सांगायचं तर ते वेगळं घर नव्हतंच, गिरणीलाच मागून दोन खोल्या काढल्या होत्या. मधल्या भिंतीत एक दार होतं, ते दिवसभर उघडं असायचं आणि त्यातून पीठ आणि आवाज सारखे घरात येत राहायचे. पीठ आमच्या पापण्यांवर, पाण्याच्या माठावरच्या झाकणावर, देवांच्या तसबिरींवर बसायचं. आवाजाचं मात्र काही करता यायचं नाही. मोटर सुरू झाली की पट्टा फडफड करत फिरायला लागायचा, दगड घुमायला लागायचे, आणि मग माय चुलीपाशी बसून काही बोलली तर फक्त तिचे ओठ हलताना दिसायचे. आम्ही हातांनी बोलायला शिकलो होतो. मूठ मिटली की मीठ, दोन बोटं आडवी धरली की ताट घे, कानाला हात लावला की आबा बोलावताहेत. आबा म्हणजे आमचे वडील. दिवसभर त्या घरघरीत उभे राहून त्यांचं बोलणंच कमी झालं होतं. गिरणी बंद असली तरी ते दोन शब्दांत काम भागवत.

आम्ही मूळचे पाचोऱ्याकडच्या खेड्यातले. घरात सगळे शे-शेचीच बोली बोलायचो, अजूनही बोलतो. पिंप्राळ्यात आल्यावर मी दोन वर्षांत शाळेची मराठी उचलली. दारातून बाहेर पाय टाकला की 'आहे' आणि आत आलं की 'शे', हे मला कपडे बदलण्याइतकं सोपं झालं. माझ्या धाकट्या बहिणीला, शालूला, ते जमलं नाही. ती पहिलीत गेली त्या दिवशी बाईंनी तिला उभं करून नाव विचारलं. ती म्हणाली, "मन्हं नाव शालू शे." वर्ग हसला. बाई पण हसल्या, वाईट मनाने नसाव्यात, पण हसल्या. त्यातून शालूला 'र' म्हणता येत नव्हता, 'ळ'ही येत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'शेशे' म्हणायला लागली, आणि महिन्याभरात शालू शाळेत बोलायची थांबली. आधी शाळेत, मग दुकानात, मग शेजारच्या काकूंसमोर, आणि दिवाळीनंतर घरातही. आबांनी काही विचारलं तर मान हलवायची. मायने जवळ घेतलं तर तिच्या पदराचं टोक तोंडात धरून बसायची. तिचं बोलणं उरलं ते माझ्यापुरतं, तेही कानाशी.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला तिचा राग यायचा आणि तिची कीवही यायची, आणि या दोन्हींतून मी तिच्यासाठी एक भाषा केली. त्या उन्हाळ्यात गिरणीच्या मागच्या ओसरीवर रिकाम्या गोण्यांच्या ढिगात बसून आम्ही ती दोघींनी मिळून घडवली, पण सुरुवात माझी होती, हे इथे स्पष्ट लिहून ठेवायला हवं. माझा हिशेब साधा होता. ज्या भाषेत चुकतंय हे कुणाला कळणारच नाही, त्या भाषेत कोण हसणार? तिला आम्ही नाव दिलं 'आपली'. "आपलीत सांग," असं मी म्हणायचे.

त्या भाषेत 'र' नव्हता, 'ळ' नव्हता. ते दोन्ही आम्ही पहिल्याच दिवशी हद्दपार केले. त्याऐवजी गिरणीच्या घरघरीतून आरपार जातील असे आवाज घेतले, कारण आमची निम्मी बोलणी गिरणी चालू असतानाच व्हायची. बैल हाकताना जिभेने टाळूवर करतात तो 'ट्क', दातांतून काढलेली बारीक शीळ, आणि ओठ मिटून फटकन उघडले की होणारा 'प्प'. मी म्हणजे 'मिक', तू म्हणजे 'टिक'. घर 'हुमा', पाणी 'सोसू', जेवण 'लाफ', पोट 'काफू'. 'नाही'ला शब्द नव्हता. शालूने तो करूच दिला नाही. एखादी गोष्ट नको असली की तिचा शब्द उलटा म्हणायचा. 'लाफ' म्हणजे जेवायला दे, 'फाल' म्हणजे जेवायचं नाही. शब्दाचं पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की प्रश्न झाला. 'ला-लाफ?' म्हणजे भूक लागली का. आणि क्रियापदाच्या शेवटी एक शेपटी लागायची. स्वतःच्या अंगावर आलेलं असेल तर 'टो', दुसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर 'की'. गोष्ट होऊन संपली असेल, आता उरली नसेल, तर शेवटी ओठ वाजवायचे, 'प्प'. भूतकाळ असा एवढाच. काल, परवा, गेल्या वर्षी, असलं काही सांगायची सोय त्यात नव्हती. एक तर गोष्ट चालू आहे, नाही तर संपली. सहा वर्षांच्या मुलीला त्याहून जास्त काळ लागतो कशाला, असं मला वाटलं होतं.

एका शब्दाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. गिरणीत वरून ओतलेलं धान्य संपलं आणि मोटर वेळेवर बंद झाली नाही, तर दगडावर दगड घासतो आणि एक आवाज येतो, झीं असा. तो आवाज आला की आबा असतील तिथून धावत यायचे, कारण दगड खराब होतात, मग छिन्नी-हातोडीने पुन्हा टाकी लावत बसावं लागतं. घरात तो आवाज सगळ्यांत वाईट समजला जायचा. म्हणून आम्ही आत काहीही वाईट होत असलं की त्याला 'झीं' म्हणायला लागलो. राग आला, झीं. बाईंची भीती वाटली, झीं. गुडघा फुटला, तरी झीं. 'काफू झीं' म्हणजे पोटात भीती वाटते असंही व्हायचं आणि पोट दुखतं असंही. त्यातलं कुठलं, ते तोंडाकडे बघून कळायचं.

शालू त्या भाषेत बोलायला लागली आणि मग थांबेचना. सकाळी डोळे उघडल्यापासून तिची शीळ आणि टकटक सुरू व्हायची. मायला आधी हसू आलं, मग जरा बरं वाटलं, आणि पाऊसपाणी होऊन शाळा सुरू झाली तेव्हा तिला भीती वाटायला लागली. कारण शालू आता आपलीशिवाय काहीच बोलत नव्हती. शेजारच्या काकूंनी अमक्या गावच्या भगताला दाखवा म्हणून सांगितलं. शाळेतून निरोप आला की पोरगी बोलणारच नसेल तर तिला इथे ठेवून काय करायचं, याचा विचार करा. आबांनी एकदा गिरणी बंद करून, हातपाय धुऊन, मला समोर बसवलं.

"ती बोलस का नही बोलस, माले इतलंच सांग."

"बोलस ना आबा. मन्हासंगे बोलस."

"मंग तूच बोल तिनाकडथून," ते म्हणाले आणि उठून गेले.

म्हणजे त्या दिवसापासून मी शालूची जीभ झाले. माय दहा वेळा विचारायची, "काय म्हनस वं ती?" आणि मी सांगायचे. आबा विचारायचे, मी सांगायचे. आज इतक्या वर्षांनी मागे वळून बघताना कबूल करते, मला ते आवडायला लागलं होतं. घरातली मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत थांबायची. आणि मी थोडंथोडं आपल्या पदरचं घालायला लागले. शालू म्हणायची पाणी हवं, मी सांगायचे तिला भजी खावीशी वाटताहेत, कारण मला खायची असायची. शालू म्हणायची अक्काच्या, म्हणजे माझ्या, शेजारी झोपायचंय, मी सांगायचे तिला आज लवकर झोपायचंय, दप्तर उद्या आवरू. ती माझ्याकडे नुसती बघायची. तिला मराठी कळत होती, शे-शेही कळत होतं, सगळं कळत होतं. फक्त बोलत नव्हती. हे मला माहीत होतं, पण ते मी कधी लक्षातच घेतलं नाही. जो बोलत नाही त्याला ऐकू येत नसावं, असं आपण का धरून चालतो कोण जाणे. माझ्या नातवाच्या शाळेत एक न बोलणारा मुलगा आहे, त्याच्यासमोर सगळे मोठे असंच बोलतात. परवा मी तिथे एका बाईंना टोकलं. त्यांना ते आवडलं नाही.

त्या हिवाळ्यात सोनगीरला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मायचं माहेर सोनगीरचं. गिरणी बंद ठेवता येत नाही, म्हणून तिचं जाणं व्हायचंच नाही, पण या लग्नाला आबांनी आपणहून सांगितलं, तुम्ही तिघी जा, मी मागून अक्षतांना येतो. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मायने माझ्यासाठी निळ्या सॅटिनचा फ्रॉक शिवून घेतला होता, त्याला कमरेला पट्टा होता. मी तो रोज काढून बघायचे. सोनगीरच्या घरामागे तांबटांची आळी होती, तिथे दिवसभर भांडी ठोकायचा आवाज चालायचा, आणि माझ्या मामेबहिणी त्या तालावर काहीतरी नाच बसवत होत्या. त्यात मलाही घेणार, असं पत्रात लिहून आलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी शालू अंथरुणावरून उठली नाही. मी तिला उठवायला गेले तर ती बेंबीवर हात ठेवून, पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"काफू झींटो," ती म्हणाली. आणि नंतर, "फाल."

जेवायचं नाही. पोटात झीं, आणि ते माझ्या स्वतःच्या अंगावर आलेलं. भीती की दुखणं, हे तोंडाकडे बघून कळतं असं मी वर लिहिलंय. तिचं तोंड मी बघितलं. ते पिठासारखं पांढरं होतं आणि वरच्या ओठावर घाम होता. मला कळलं. त्याबद्दल मी कधी स्वतःची समजूत घातलेली नाही. मला त्याच क्षणी कळलं होतं.

माय मागून आली. तिने नवं पातळ आधीच नेसलेलं होतं. शालूच्या उशाशी ठेवलेल्या ताटातली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी तशीच पडलेली बघून ती म्हणाली, "हाई काहीच खात नही. काय व्हयनं तिले? इचार बरं."

मी शालूला काहीच विचारलं नाही. मायकडे वळून म्हटलं, "काही नही माय. तिले गाडीना भेव वाटस."

माय पुढे झाली. खाली वाकून तिने शालूचे केस कपाळावरून मागे सारले. मग म्हणाली, "मंग चाल, पटकन आवर. एस.टी. चुकी जाई."

जळगावहून धुळे आणि धुळ्याहून सोनगीर, गाडीत शालू माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. एरंडोलपाशी ओकली. गाडी लागली, असं माय म्हणाली, आणि मी पण म्हटलं, हो, गाडी लागली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा एका बाईने लिंबू दिलं. मी ते शालूच्या नाकाशी धरून बसले होते आणि मनातल्या मनात सारखं म्हणत होते, पोचलो की बरं वाटेल, पोचलो की बरं वाटेल. पोटात माझ्याही झीं सुरू झालं होतं, पण ते दुसरं झीं.

सोनगीरला घर माणसांनी भरलेलं होतं. हळद दळणं, मांडव, बायकांची गाणी, मागून तांबटांचे हातोडे, या सगळ्यात एक न बोलणारी पोर कोपऱ्यात निजलेली कुणाच्या लक्षात येणार? शालूला परक्यांची सवय नाही, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. संध्याकाळी मी तिच्यासाठी वरणाची वाटी घेऊन गेले. तिने हात बेंबीवरून खाली उजव्या कुशीकडे सरकवलेला होता आणि तो उचलत नव्हती. "फाल," म्हणाली. मी वाटी तिथेच ठेवून नाचाच्या तालमीला गेले. जाताना मी ठरवलं की सकाळी मायला सांगायचं. सकाळी ठरवलं की अक्षता पडल्यावर सांगायचं. त्या दोन्ही वेळी मला तिच्याकडे बघवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात बट्टी-वरणाच्या पंक्ती सुरू झाल्या होत्या. अक्षता पडून गेल्या होत्या, आबा येऊन पोचले होते, मी निळ्या फ्रॉकमध्ये पंक्तीत पाणी वाढत होते. तेवढ्यात आतून मायचा आवाज आला. ती किंचाळली असंही नाही. तिने फक्त "कमल" अशी माझ्या नावाने हाक मारली, पण पाण्याचा तांब्या माझ्या हातून सुटला. आत गेले तर शालू अंथरुणात दुमडून पडली होती, अंग भाजत होतं, आणि तिचे दात एकमेकांवर आपटत होते. मामा जेवणाच्या हातानेच आत आले. तिच्या अंगाला हात लावला आणि आबांना म्हणाले, "धुळाले लई जाऊत हिले. आतेच." वरातीसाठी सांगितलेली जीप होती, त्यात शालूला मायच्या मांडीवर घातलं. आबा पुढे बसले, मी मागे. कुणी मला चल म्हटलं नव्हतं. मी गेले, कारण मी नसले तर ती कुणाशी बोलणार?

धुळ्यातल्या त्या दवाखान्याचे डॉक्टर वयस्कर होते, बारीक अंगाचे, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मायला रडणं आवरत नव्हतं म्हणून त्यांनी तिला आणि आबांना बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं. मग शालूला विचारलं, कुठे दुखतं बाळ? शालू छताकडे बघत राहिली.

"हिला बोलता येत नाही?" त्यांनी मला विचारलं.

"येतं. पण माझ्याशीच बोलते. आमची भाषा आहे." हे सांगताना माझे कान गरम झाले. वाटलं, आता हे हसणार.

ते हसले नाहीत. म्हणाले, "मग मला तुझी गरज आहे. मी विचारतो, तू विचार, आणि ती म्हणेल तेच मला सांग. तिच्या शब्दात काही मिसळू नकोस."

ते पोटावर एकेक ठिकाणी हलके दाबत गेले. मी विचारत गेले. डावीकडे काही नाही. बेंबीपाशी थोडं. उजवीकडे खाली बोटं टेकली आणि शालूच्या तोंडून "झींटो" असा आवाज निघाला, त्याचं भाषांतर करायची गरजच पडली नाही.

"कधीपासून दुखतंय, विचार."

मी शालूकडे वळले. आमच्या भाषेत 'कधीपासून' नव्हतंच. मी ते केलंच नव्हतं. चालू आहे, की संपलं, एवढंच विचारता येत होतं. पण उत्तरासाठी शालूला विचारायची गरज नव्हती, उत्तर मला माहीत होतं. ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग काल का नाही सांगितलं? बाहेर व्हरांड्यात मायचे हुंदके ऐकू येत होते.

"आज सकाळपासून," मी म्हटलं.

शालूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं. रक्त तपासायला दिलं, नर्सबाईंना हातात सलाईन लावायला सांगितलं, आणि थोडा वेळ लक्ष ठेवू म्हणून शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेले. मी स्टुलावर बसून राहिले. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. खिडकीतून रस्त्यावरच्या टांग्याच्या घोड्याची नाल वाजत गेलेली आठवते. मग शालूचं कण्हणं थांबलं. तिचं तोंड सैल पडलं. पाय, जे काल सकाळपासून पोटाशी होते, ते तिने हळूच लांब केले. माझ्याकडे बघून म्हणाली, "काफू झीं," आणि ओठ मिटून उघडले, "प्प."

संपलं. दुखणं होतं आणि आता नाही.

मला रडू फुटलं. मी धावत शेजारच्या खोलीत गेले आणि ओरडूनच सांगितलं, "डॉक्टर, थांबलं! तिचं दुखणं थांबलं!"

त्यांनी हातातलं काम टाकलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. भराभर येऊन त्यांनी शालूच्या पोटावर हात ठेवला. मी पण बघितलं, पोट लाकडी फळीसारखं दिसत होतं, श्वासाबरोबर हलतच नव्हतं.

"थांबलं म्हणजे कसं? हळूहळू कमी झालं की एकदम?"

"एकदम. तिने ओठ वाजवले. त्याचा अर्थ पार संपलं."

ते माझ्यासमोर वाकले. "बाळ, मी तुला रागावणार नाही. आजच सकाळी दुखायला लागलेलं असं इतक्या लवकर थांबत नाही सहसा. खरं सांग मला. आज सकाळपासून, की आधीपासून?"

"काल सकाळपासून," मी म्हटलं. "उठल्याबरोबर. घरी असल्यापासून."

ते खरंच रागावले नाहीत. सरळ उभे राहून नर्सबाईंना म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, टेबल तयार करा. आणि जाता जाता, जणू काही झालंच नाही अशा आवाजात मला म्हणाले, "बरं केलंस, धावत आलीस."

पुढे आयुष्यात मला अनेकांनी अनेक गोष्टींबद्दल शाबासकी दिली. त्या एका वाक्याइतकं काही टोचलं नाही.

शालूला आत नेलं. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही तिघं बसलो. मायच्या हाताला लग्नाची हळद होती, मामाच्या घरच्या अक्षतांचे दोन दाणे आबांच्या टोपीवर अजून होते. आबा गिरणीत उभे राहतात तसे, हात मागे बांधून, दाराकडे तोंड करून उभे राहिले, मग बसले, पुन्हा उभे राहिले. मी निळ्या फ्रॉकचा पट्टा बोटाला गुंडाळत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं. आपलीमध्ये 'सकाळपासून' कसं म्हणायचं, याला शेपटी कुठली लावायची, ते मी ठरवत होते. 'लीं' लावली तर? 'काफू झींलीं.' नाही, 'लीं' आणि 'झीं' एकमेकांत मिसळतात. 'तू' लावली तर? मी ते इतक्या चिकाटीने करत होते, जणू ती शेपटी सापडली की आतलं सगळं नीट होईल. शेवटी एक सापडली. पण आत नेलेल्या मुलीशिवाय ती शिकवायची कुणाला? ही भाषा येणारी जगात दुसरी होती तरी कोण? तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी तिला कसल्या खोलीत नेऊन कोंडलं होतं, आणि दाराशी कुणाला बसवलं होतं.

दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. वाचली, म्हणाले. पोट धुऊन काढावं लागलंय, दहाबारा दिवस इथे ठेवावं लागेल, पण वाचली. आबा खाली बसले ते बाकावर नाही, फरशीवरच बसले.

त्या दवाखान्यात एक नर्सबाई होत्या, धुळ्याकडच्याच, ठसठशीत, मोठ्या आवाजाच्या. डॉक्टरांशी पुस्तकी मराठी आणि बाकी सगळ्यांशी, भिंतींशीसुद्धा, शे-शे. दुसऱ्या दिवशी सकाळी शालूला शुद्ध आली तेव्हा त्या पलंगाशी उभं राहून साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "उठनी का वं मन्ही बाय? कसं वाटी ऱ्हायनं?"

शालूने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. पांढरा पोशाख, डोक्यावर टोपी, आणि तोंडात आपल्या घरचं बोलणं. मग ती म्हणाली, "माले पानी दे."

माय माझा दंड धरून उभी होती, तो तिने इतका आवळला की वळ उठले. नर्सबाईंना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "आते पानी नही बेटा, व्हठ ओला करी देस," आणि कापसाच्या बोळ्याने तिचे ओठ पुसायला लागल्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी माय खाली डबा घासायला गेली होती. आम्ही दोघीच होतो. मी शालूच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "का-काफू झीं?"

"दुखस," ती म्हणाली. "पन कमी शे आते."

आपलीत विचारलेल्याला तिने घरच्या बोलीत उत्तर दिलं. ते पहिल्यांदाच घडलं. त्यानंतर तिने ती भाषा कधीच तोंडात घेतली नाही. आज विचारलं तर म्हणते, मला त्यातला एक शब्द आठवत नाही अक्का. फोनवर तासतासभर बोलणारी बाई आहे ती आता, 'र' सुद्धा खणखणीत म्हणते. मला अजून बरेच शब्द येतात, म्हणजे ती भाषा येणारी आता मी एकटीच आहे.

मी तिच्या पलंगाची कड धरली आणि म्हटलं, "शालू, मी मायले खोटं सांगं. तुले दुखी ऱ्हायनं व्हतं, अन् मी गाडीना भेव सांगं."

"माले मालूम शे. मी तठेच व्हती ना."

"डॉक्टरलेबी खोटं सांगं."

"आयकं मी."

"मंग तू काब्रं नही बोलनी? तुले तर बठ्ठं बोलता येस. एक शब्द बोलनी असती मायले..."

तिने डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "तुले लगीनले जावानं व्हतं ना."

बाराव्या दिवशी आम्हाला घरी सोडलं. आबा गिरणीसाठी आधीच परतले होते, आम्ही तिघी एस.टी.ने निघालो. शालू खिडकीशी, मायच्या कुशीत डोकं टेकून, मी कडेला. धुळं मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापूस वेचलेली रिकामी रानं लागली, आणि माझ्या मनात आलं की हे घरी पोचायच्या आत बोलले नाही तर मग कधीच बोलणार नाही. मी मायला सगळं सांगितलं. पिंप्राळ्याच्या सकाळपासून, सोनगीरची वरणाची वाटी, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. एकदाही न थांबता सांगितलं आणि मग थप्पड बसेल म्हणून मान खाली घालून बसले.

माय खिडकीबाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "त्या दिन सकायले मी तिनं कपाय दखं व्हतं. गरम व्हतं."

कपाळ गरम होतं? मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"केस मागे करी दखं मी. गरम लागनं," ती म्हणाली. "तू सांगं गाडीना भेव, अन् मी मानी लिधं. सात वरीस व्हई गयात, माहेर दखं नव्हतं मी. मालेबी जावानं व्हतं कमल."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसानंतर या गोष्टीवर आम्ही दोघी कधी बोललो नाही, ती गेली तोपर्यंत नाही. पुढच्या सीटवर फेटेवाले दोन म्हातारे पेंगत होते, कंडक्टर तिकिटं मोजत होता.

आणि तेवढ्यात शालू, जी झोपली आहे असं आम्हा दोघींना वाटत होतं, उठून बसली आणि म्हणाली, "माय, माले भूक लागनी शे." साधं बोलली नाही, खणखणीत बोलली. सगळ्या गाडीला ऐकू गेलं. पुढचा म्हातारा जागा होऊन मागे वळला, म्हणाला, "दे ना वं बाई पोरले काही खावाले," आणि पुन्हा डोळे मिटून बसला.

मायने पिशवीतून एक केळ काढलं, सोललं, मधोमध मोडलं. अर्धं शालूच्या हातात दिलं. उरलेलं अर्धं, खिडकीबाहेर बघत बघतच, तिने माझ्यापुढे केलं. मी ते घेतलं. गाडी एरंडोलला पोचली तरी ते तसंच माझ्या हातात होतं.